पाण्यात नेणार की अंधारात? कोकणासाठी कॅमेरा घेताना

गणपतीला चाकरमानी गावाला निघाले की आणि दिवाळीनंतर तारकर्ली-मालवणचं बुकिंग सुरू झालं की हमखास एक प्रश्न येतो, लेन्स बदलता येणारा मिररलेस घेऊ की तो पाण्यात चालणारा छोटा कॉम्पॅक्ट घेऊ. मग लोक मेगापिक्सेल मोजत बसतात, चार रिव्ह्यू बघतात आणि त्यातला एकही आपल्या खाऱ्या वाऱ्यात शूट केलेला नसतो. माझं विचाराल तर आधी एवढंच ठरवा की तुमचे फोटो हुकतात कशामुळे. पाणी आडवं येतं म्हणून हुकत असतील तर वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट, उजेड कमी पडतो किंवा समोरचं लांब असतं म्हणून हुकत असतील तर मिररलेस. बाकीचे फीचर्स नंतर बघू.

आता हे एवढं छातीठोकपणे का सांगतोय, तर त्यामागे सेन्सरचं, म्हणजे आत प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, साधं गणित आहे. उदाहरणाला ओएम सिस्टम कंपनीचा वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट टीजी-७ घ्या, म्हणजे आधीच्या ऑलिम्पस टीजी-६ चा धाकटा भाऊ, २०२३ ला आलेला. त्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलीमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. सोनी ए६४०० किंवा निकॉन झेड५० सारख्या मिररलेसचा एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६ च्या आसपास. गुणाकार करून बघा, तेरापट क्षेत्रफळ. टीजीच्या लेन्सवर एफ २ लिहिलंय (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते) ते बघून लोक भुलतात, अरे वा मिररलेसबरोबर येणारी किट लेन्स तर ३.५ चीच आहे म्हणून, पण एवढ्या छोट्या सेन्सरवर एफ २ ने जेवढा एकूण प्रकाश पडतो त्याच्या चौपट तरी त्या साध्या किट लेन्सने मोठ्या सेन्सरवर पडतो. शिवाय झूम केलात की टीजीचा एफ २ राहत नाही, ४.९ होतो. भर दुपारी किनाऱ्यावर हा फरक फारसा कळणार नाही, फोन आणि मिररलेसमधलाही पटकन कळत नाही. संध्याकाळी साडेसहानंतर मात्र ढळढळीत दिसतो.

पाण्यातला विषय

मालवणात किल्ल्याच्या आसपास किंवा तारकर्लीला स्नॉर्कलिंग करणार असाल तर कॉम्पॅक्टला पर्याय नाही, विषय संपला. टीजी-७ वेगळं काहीही न लावता १५ मीटरपर्यंत चालतो, रिकोचा पेंटॅक्स डब्ल्यूजी-८ २० मीटरपर्यंत. पूर्वी यात भरपूर चॉइस होता, निकॉनचा डब्ल्यू३०० तर ३० मीटरवाला होता, पॅनासॉनिक आणि फुजीचेही होते, ते सगळे आता बंद झालेत, कुणी जुना गळ्यात मारायला बघेल तर जपून. १५ मीटर पुरतात का, तर पुरतात. सर्टिफिकेट नसलेल्या हौशी माणसाला पॅडी या स्कुबा शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाने १२ मीटरच्या खाली नेतच नाहीत आणि स्नॉर्कलिंगला तर तुम्ही वरच तरंगत असता. पुढे कोर्स करून ओपन वॉटर डायव्हर झालात की १८ मीटरपर्यंत जाता येतं, तेव्हा टीजीला वरून पीटी-०५९ नावाची हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पक्की पेटी, लागते, ती ४५ मीटरपर्यंत चालते.

पण कॅमेरा पाण्यात चालला म्हणजे फोटो चांगला आला असं नाही हो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, चार-पाच मीटर खाली गेलात की सगळं हिरवट-निळं. म्हणून अंडरवॉटर मोड लावायचा, तो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, सावरतो, आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढायचं म्हणजे घरी आल्यावर रंग परत आणता येतात. टीजीमध्ये रॉ आहे, बऱ्याच स्वस्त वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांत नसतं, घ्यायच्या आधी बघून घ्या. दुसरं म्हणजे झूम विसरा. तुमच्या आणि माशाच्या मधे जेवढं पाणी तेवढा धुरकटपणा, त्यामुळे हातभर अंतरावर जाऊन वाइडलाच काढायचं. आणि फ्लॅश बंद. आपल्या पाण्यात गाळ असतोच, कॅमेऱ्याला चिकटून असलेला फ्लॅश उडाला की त्यातला कण न् कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर पाणी गढूळच मिळेल, थोडी थंडी पडू दे, मग जा. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स तसेही बंदच असतात.

एक फ्लोटिंग स्ट्रॅप घ्या, तो चमकदार नारिंगी किंवा पिवळा फुगीर पट्टा मिळतो तो. वॉटरप्रूफ कॅमेरा तरंगत नाही, दगडासारखा खाली जातो, आणि होडीवाला दादा कितीही चांगला असला तरी तुमच्या कॅमेऱ्यासाठी तळ धुंडाळत बसणार नाही, त्याचं पुढचं गिऱ्हाईक किनाऱ्यावर उभं असतं. कॅमेरा हातात धरून होडीतून धाडकन उडी मारायची नाही, पाण्यावर आपटतो तेव्हा सीलवर जो दाब येतो तो १५ मीटरच्या हिशोबात धरलेला नसतो. आणि उन्हवरे किंवा राजापूरच्या गरम कुंडात तर न्यायचाच नाही, रबरी सील आणि कढत पाणी यांचं जमत नाही.

खरी मजा खडपात आहे

स्कुबाच्या नादात लोक हे विसरतात. मला विचाराल तर कोकणात वॉटरप्रूफ कॉम्पॅक्टचे पैसे सगळ्यात जास्त वसूल होतात ते सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा सुकतीला पाणी समुद्रात नेहमीपेक्षा बरंच आत जातं आणि एरवी बुडालेला खडक उघडा पडतो. त्यात डबकी राहतात, काही परातीएवढी, काही गुडघाभर खोल. वरून बघितलं तर काहीच नाही, आभाळ तेवढं दिसतं. कॅमेरा तसाच पाण्यात बुडवा, टीजीचा मायक्रोस्कोप मोड लावा आणि लेन्स खडकाला जवळजवळ टेकवा, १ सेंटीमीटरवर फोकस होतो त्याचा. मग समुद्रफुलाचे एकेक हात दिसतात, टोकाला फिकट जांभळे, शंखात राहणारा बारका खेकडा डोळे बाहेर काढून तुमच्याकडे बघतो, आणि कपारीतून झिंग्यासारखं काहीतरी पारदर्शक सटकतं ज्याच्या पोटातलं जेवणसुद्धा दिसतं. मिररलेसवर असा फोटो काढायचा तर वेगळी मॅक्रो लेन्स, वर हाउसिंग, आणि एवढं सगळं लटांबर दोन बोटं खोल डबक्यात मावतच नाही.

इथे एक अडचण येते. लेन्स एवढी जवळ गेली की कॅमेऱ्याचीच सावली पडते. त्यासाठी टीजीला एलजी-१ नावाची छोटी रिंग मिळते, ती कॅमेऱ्याचा स्वतःचाच एलईडी लेन्सच्या भोवती फिरवून देते, किंमत कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ आहे. आणि फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) आहे कॅमेऱ्यात, पण पाणी हलत असेल तर उपयोग नाही, एका जागी थांबलेल्या जीवासाठीच.

पायात बंद बूट हवेतच, चप्पल घालून कालवांच्या खडकावर गेलात तर पाय फाटून याल. सुकतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल अमुक वाजता पाणी गेलं होतं म्हणजे आजही तेव्हाच जाईल असं धरू नका, गावातल्या कुणालाही विचारा, तोंडपाठ असतं. पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. आणि दगड उलटा केला तर परत तसाच ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात.

ती रबरी रिंग

वॉटरप्रूफ कॅमेरे बुडून मरतात ते बहुतेक वेळा दारामुळे. टीजीला दोन दारं, एक बॅटरी-कार्डचं, एक यूएसबीचं, आणि दोन्हीच्या आत पातळ रबरी सील. त्यावर एक केस आडवा पडला, वाळूचा एक कण बसला, की झालं, त्या फटीतून पाणी आत. म्हणून कार्ड बदलायचं, बॅटरी बदलायची, हे सगळं रूमवर, पंखा बंद करून, कोरड्या हाताने. होडीत दार उघडायचंच नाही, कितीही मोह झाला तरी. बंद करायच्या आधी दार उजेडाकडे तिरकं धरा, सीलवरून बोट अलगद फिरवा, खरखर लागली तर मऊ सुती फडक्याने पुसा, मग दाबून बंद करा आणि लॉक फिरलाय का ते दोनदा बघा.

समुद्रातून आलात की कॅमेरा बंद दारांसकट गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, दहा-पंधरा मिनिटं तरी, आणि बटणं पाण्यातच दाबत राहा म्हणजे फटीतलं मीठ सुटतं. नळाखाली धरून झटकला तर बटणांखाली मीठ राहतं आणि चार दिवसांनी झूमचा लिव्हर अडकायला लागतो. मग सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. सील वर्षातून एकदा बदलून घ्या असं कंपन्याच सांगतात, आणि ते कुणीच करत नाही. पाणी शिरलं तर वॉरंटीत बसेलच या भरवशावर राहू नका, ‘सील नीट बंद नव्हतं’ हे उत्तर तयार असतं.

मिररलेस कुठे लागतोच

आता दुसरी बाजू. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी, म्हणजे उजेड नसतोच. फ्लॅश मारायला बंदी आणि ते योग्यच आहे. दोरीच्या मागे उभं राहून, चार बोटांएवढं पिल्लू वाळूतून पाण्याकडे चाललंय, त्याचा फोटो. इथे कॉम्पॅक्ट काढून दाखवा बघू. मिररलेसवर ५५-२१० किंवा ५०-२५० सारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) बिनधास्त ३२०० ला, शटर २५० च्या, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या, आसपास, थोडा ग्रेन येतो, येऊ दे.

दशावताराचं तेच. देवळाच्या पुढ्यात मांडव, एका बाजूने हॅलोजन, दुसरीकडे काळोख, मधे संकासुर उड्या मारतोय. याला ५० एमएम किंवा ३५ एमएम एफ १.८ ची लेन्स घ्या, बऱ्याच कंपन्यांची ही सगळ्यात स्वस्त लेन्स असते आणि किट लेन्सपेक्षा दुपटीहून जास्त प्रकाश घेते. एक लक्षात ठेवा, सायलेंट शटर लावू नका. आता सगळीकडे एलईडी लाइट आलेत, सायलेंटमध्ये फोटोवर आडवे पट्टे येतात, मेकॅनिकल शटरवर हा त्रास बराच कमी. आवाजाची काळजी नको, पखवाज आणि झांजेपुढे तुमचं शटर कुणाला ऐकू येत नाही. शिमग्याला पालखी नाचवतात तेव्हाही हाच सेटअप, फक्त गुलालापासून कॅमेरा वाचवा, तो पाण्यापेक्षा वाईट, लेन्सच्या रिंगमध्ये गेला की निघत नाही.

पक्षी बघणाऱ्यांनी तर हा लेख इथेच सोडून मिररलेस घ्यावा. टीजीचा झूम जास्तीत जास्त १०० एमएमच्या बरोबरीचा, त्यात समुद्री गरुड म्हणजे आभाळातला ठिपका. थंडीत हर्णैच्या बंदरावर कुरव पक्षी येतात, संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो, होड्यांवर थवे उठतात, मागे सुवर्णदुर्ग. तिथे २५० एमएम, शटर हजारच्या वर, आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. हा व्ह्यूफाइंडर लोक गृहीत धरतात पण कॉम्पॅक्टला नसतो, आणि दुपारच्या उन्हात नुसत्या स्क्रीनवर फ्रेम करणं म्हणजे अंदाजे धोंडा मारणं. मिररलेसमध्येही सगळ्यांना नसतो बरं का, निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० ला नाही, ते व्हिडिओवाल्यांसाठी आहेत. किनाऱ्यासाठी घेणार असाल तर व्ह्यूफाइंडरवालाच घ्या, कॅनन आर५० ला आहे.

पण खारा वारा

मिररलेस घेतला की दुसरं दुखणं सुरू. समुद्रावर लेन्स बदलायची नाही, कधीच नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघायला गेलात आणि जवळचा फोटो घ्यायचाय म्हणून लेन्स काढलीत तर वाऱ्याबरोबर मीठ आणि वाळू थेट सेन्सरवर. निघतानाच ठरवा आज कुठली लेन्स, नाहीतर गाडीत बसून काचा लावून बदला. पुढे एक साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा. मला एरवी फिल्टर आवडत नाहीत, पण किनाऱ्यावर उडालेले थेंब काचेवर सुकतात आणि मिठाचे दाणे राहतात, ते कोरड्या फडक्याने घासले की ओरखडे. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं फडकं, मग कोरडं. ओरखडा फिल्टरवर पडलेला परवडतो.

वेदर सील्ड हा शब्द दुकानदार फार सैल वापरतात. ओएम सिस्टमच्या ओएम-५ या मिररलेसला आयपी५३ रेटिंग आहे, म्हणजे धूळ आणि वरून-तिरका येणारा पाऊस, तेसुद्धा लेन्स सील्ड असेल तर. बुडवणं त्यात नाही. स्वस्त मिररलेस आणि त्यांच्या किट लेन्सना तर बहुधा काहीच सीलिंग नसतं. विसर्जनाच्या पावसात काढायचं असेल तर हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप किंवा मोठी प्लास्टिक पिशवी रबरबँडने लावा, दिसायला बावळट, काम चोख. आणि मिररलेस पाण्याखाली न्यायला त्या मऊ पारदर्शक पिशव्या मिळतात त्यात लाखभराचा कॅमेरा घालून समुद्रात उतरण्याएवढं काळीज माझं नाही. पक्की हाउसिंग घ्यायला गेलात तर बऱ्याचदा कॅमेऱ्याहून महाग पडते.

मग फंगस, म्हणजे लेन्समधली बुरशी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना पाणी सुटतं, तिथे लेन्स काय टिकणार. कपाटात, चामड्याच्या केसमध्ये, कापडी बॅगेत ठेवायची नाही. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल, आणि एक छोटा ह्युमिडिटी मीटर, ४० ते ५० च्या मधे राहिला की निवांत. दाण्यांचा रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. तांदळात ठेवू नका, पीठ उडतं. आणि लेन्स वापरत राहा, उन्हात अधूनमधून काढा, फंगसला अंधार आणि दमट आवडतं. हा सल्ला कॉम्पॅक्टलाही लागू आहे, फक्त त्याची लेन्स आत बंद असल्यामुळे जीव कमी टांगणीला.

एसी गाडीतून थेट बाहेर आलात की दोन्ही कॅमेऱ्यांवर बाष्प धरतं. उतरायच्या आधी कॅमेरा बॅगेतच ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू दे, मग काढा.

मग घ्यायचा कुठला

वर्षातून एकदा मुलांना घेऊन तारकर्लीला जाणार, बाकी फोटो फोनवरच, तर यातला कुठलाच घेऊ नका. फोनचं आयपी६८ हे पाण्यात टिकण्याचं रेटिंग गोड्या पाण्यातल्या टेस्टचं असतं, खाऱ्या पाण्याचं नाही, आणि टचस्क्रीन पाण्याखाली चालत नाही, म्हणून फोन नुसता नेऊ नका. एखादा जुना फोन चांगल्या पाउचमध्ये न्या, आधी पाउचमध्ये कोरडा टिश्यू घालून बादलीत दाबून बघा, किंवा गोप्रो भाड्याने घ्या, तो तसाच १० मीटरपर्यंत चालतो.

होमस्टे चालवताय, पाहुण्यांना होडीतून नेताय, सुकतीला खडपात फिरवताय, तर डोळे मिटून कॉम्पॅक्ट. २.१ मीटरवरून पडला तरी टिकावा असा बनवलेला आहे, आणि पाहुण्याच्या हातात देताना धडधड होत नाही. मुलांनाही द्या. जत्रा, लग्नं, पक्षी, कातळशिल्पांवर संध्याकाळचा तिरका उजेड, रात्रीचं आभाळ, यात जीव असेल तर मिररलेस. दोन्हीत जीव आहे आणि बजेट एकाचंच आहे, तर आधी मिररलेस घ्या असं मी म्हणेन, कारण पाण्यातला सीझन आपल्याकडे सात-आठ महिन्यांचा आणि त्यातही तुम्ही पाण्यात किती वेळ असता, अंधार मात्र रोज पडतो.

किमतींचं बोलायचं तर अमेरिकेत टीजी-७ साधारण ५५० डॉलरला आला होता आणि आर५० किट लेन्ससकट ८०० ला, म्हणजे फरक वाटतो तेवढा मोठा नाही, पण मिररलेसला पुढे लेन्स लागतातच, तो खर्च आजच धरा. सेकंडहँडमध्ये मिररलेस बेलाशक घ्या, लेन्समधून मागून टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस आहे, सोडून द्या. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. वॉटरप्रूफ मात्र सेकंडहँड घेऊ नका, सील किती जुनं, कितीदा वाळूत उघडलं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. नवा घेताना बिलावर भारतातली वॉरंटी आहे का आणि सील बदलून कोण देणार हे विचारून घ्या, ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याबाहेरून आलेला, स्वस्त पीस घेतलात तर पाच रुपयांच्या रबरासाठी कुरिअर करत बसाल.